सुट्टीत नेपाळला मुलांसाठी काम करायला जाताना

परदेशात जाऊन गरीब मुलांसाठी काहीतरी करायचंय, पण नोकरी किंवा कॉलेज सोडता येत नाही, हातात आहे ती फक्त सुट्टी. असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला सगळ्यात आधी सुचतो तो नेपाळ, आणि ते बरोबरही आहे. व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी, हिंदी बहुतेकांना समजते, जेवायला दोन्ही वेळा डाळभात आणि खर्च आवाक्यातला. पण जाणं इतकं सोपं असल्यामुळेच चुकीच्या दारात जाऊन उभं राहणंही सोपं होतं. त्यामुळे बॅग भरण्याआधीचं काम या लेखात जास्त आहे, प्रवासाचं कमी.

पहिली पायरी : अनाथालय यादीतून काढून टाका

'नेपाळ, मुलं, स्वयंसेवक' असं शोधलं की समोर येतात ती अनाथालयं. हसरी मुलं, गळ्यात हात टाकलेली परदेशी ताई, खाली आठवड्याचं शुल्क. हा धंदा कसा उभा राहिला ते समजून घेतलं तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

१९९६ ते २००६ या काळात नेपाळात माओवादी संघर्ष चालू होता. हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल गावोगाव फिरायचे. 'पोराला काठमांडूत ठेवतो, इंग्रजी शाळेत घालतो, इथं राहिलं तर बंडखोर उचलून नेतील,' असं सांगायचे. आईबापांनी कर्ज काढून, जमीन विकून त्यांना पैसे दिले. शहरात पोचल्यावर ही मुलं कागदोपत्री अनाथ झाली. संघर्ष थांबला, पण व्यवहार थांबला नाही, कारण तोवर त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं : देणगी देणारा परदेशी पाहुणा आणि शुल्क भरून राहणारा स्वयंसेवक.

नेपाळातली बालगृहं कुठे आहेत ते पाहा. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा असलेला कास्की जिल्हा आणि चितवन. म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथेच बहुतेक सगळी. गरिबी जास्त असलेल्या दुर्गम कर्णालीत फारशी नाहीत. त्यांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, पुष्कळदा दोघंही, हयात आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मुलांच्या नावाने पुन्हा असाच बाजार भरेल या भीतीने नेपाळ सरकारने नवी बालगृहं उघडायला बंदी घातली आणि परदेशी दत्तकविधान थांबवलं. पुढे २०१८ च्या बालबालिका कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय ठरवला. आधी आईवडील, मग नातेवाईक, मग पर्यायी कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर संस्था. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवा-पर्यटनाचा धोका नाव घेऊन मांडला.

आणखी एक कारण आहे, ते कायद्यात मावत नाही. आईपासून तुटलेल्या पाच वर्षांच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा भेटतो. जीव लावतो, टाटा करून निघून जातो. अनोळखी माणूस दारात दिसताच धावत येऊन बिलगणारी मुलं प्रेमळ वाटतात. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने ती दुखावलेली असण्याची खूण असते.

मग चांगली बालगृहं नाहीतच का? आहेत. पण चांगलं बालगृह तुम्हाला तीन आठवड्यांसाठी मुलांजवळ येऊच देत नाही. 'या की, मुलांशी खेळा' असं ज्याने पहिल्या ईमेलला उत्तर दिलं, तो पर्याय तिथेच बाद करा.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध थोडा जवळचा आहे. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे कितीतरी वॉचमन अछाम, बाजुरा, डोटी या सुदूर पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून आलेले असतात. त्यांची मुलं मागे आजी-आजोबांकडे असतात. बाप इथे, आई शेतात, शाळा लांब; दलालाला घरात पाय ठेवायला जागा मिळते ती इथे. म्हणून मदत पोचायला हवी ती गावातल्या शाळेत आणि घरात, राजधानीतल्या वसतिगृहात नव्हे.

दुसरी पायरी : आपल्याला नेमकं काय येतं ते लिहून काढा

'मला मुलं आवडतात' हे कौशल्य नाही. कागदावर अशा गोष्टी लिहा : चौथीला गणित सहा वर्षं शिकवलंय. जुने संगणक दुरुस्त करता येतात. ग्रंथालयाची मांडणी आणि नोंदणी येते. फिजिओथेरपी, दातांची तपासणी, हिशेब, नळजोडणी, कबड्डीचं प्रशिक्षण. यांतलं काहीही चालेल. काहीच ठोस नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, पण मग मुलांच्या वर्गात उभं राहण्याचा हट्ट धरू नका.

माझं स्पष्ट मत असं, की सुट्टीपुरत्या माणसाने मुलांना नव्हे, मुलांभोवतीच्या मोठ्यांना मदत करावी. शिक्षक, ग्रंथपाल, हेडसर, शाळेची व्यवस्थापन समिती. तुम्ही दोन शिक्षकांना अपूर्णांक शिकवण्याची एक चांगली पद्धत दाखवलीत तर ती पुढची कित्येक वर्षं चालते. तुम्ही स्वतः तीन आठवडे अपूर्णांक शिकवलेत तर तुमच्यामागे शिक्षकाला तो धडा पुन्हा घ्यावा लागतो.

वेळेचा अंदाज असा ठेवा. दोन आठवडे असतील तर वाचनालय लावणं, संगणक दुरुस्ती, शिक्षकांसाठी छोटी कार्यशाळा. चार ते सहा आठवडे असतील तर स्थानिक शिक्षकाच्या बरोबरीने वर्गात, तेही त्याच्या हाताखाली. आठवडाभरच असेल तर नेपाळला फिरायला जा, स्थानिक गेस्टहाउसमध्ये राहा, पैसे तिथे खर्च करा. त्यात कमीपणा काही नाही.

मुलाच्या परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'स्वयंसेवा' अशी ओळ हवी म्हणून दहावी-बारावीतल्या पोराला पाठवू पाहणारे पालक आता बरेच आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या मुलांची जबाबदारी देणारी संस्था पारखायला आणखी प्रश्नांची गरज नाही.

तिसरी पायरी : सुट्टी जुळते का ते पंचांगात पाहा

नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. पहिले दिवस प्रवेशात जातात, मेच्या सुरुवातीला वर्ग लागतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पावसाळा येतो. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी यात नेमकी बसते. मात्र तराईच्या सपाट भागात त्या दिवसांत उष्मा प्रचंड असतो आणि शाळांना उन्हाळी सुट्टी लागू शकते, त्यामुळे डोंगरी भाग निवडा.

दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा बेत मात्र करू नका. दसऱ्याला तिथे दशैं, दिवाळीला तिहार. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत शाळा धड चालत नाहीत आणि अर्धा देश आपापल्या गावी गेलेला असतो. नाताळच्या सुमारास उंचावरच्या शाळांना थंडीची सुट्टी लागते. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांना जुलै-ऑगस्ट मोकळा असतो. तेव्हा तिथे शाळा चालू असतात, पण दरडी कोसळून रस्ते बंद पडण्याचेही तेच दिवस. तारखा पक्क्या करण्याआधी शाळेला त्यांचा परीक्षेचा आठवडा कोणता ते विचारा. आठवड्याची सुट्टी परंपरेने शनिवारी, रविवारी नव्हे.

चौथी पायरी : संस्था शोधा आणि उलटतपासणी घ्या

सरकारी शाळांना तिथे 'सामुदायिक विद्यालय' म्हणतात, खासगी इंग्रजी शाळांना 'बोर्डिङ'. तुमची गरज आहे सामुदायिक विद्यालयात. २०१५ च्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण स्थानिक सरकारांकडे आलं. देशात अशा ७५३ पालिका आहेत आणि प्रत्येकीत शिक्षण पाहणारा अधिकारी असतो. शाळेचं पत्र आणि पालिकेची संमती या दोन गोष्टी मिळाल्या तर मधल्या एजन्सीची गरज फारशी उरत नाही.

कामाचा प्रकार समजण्यासाठी काही जुन्या संस्थांचं काम पाहून ठेवा. रीड या संस्थेचं पहिलं सामुदायिक ग्रंथालय १९९१ मध्ये सोलुखुंबूतल्या जुनबेसी गावात सुरू झालं. रूम टू रीडची सुरुवातही नेपाळातल्याच शाळांच्या वाचनालयांपासून झाली. ओएलई नेपाळचं ई-पुस्तकालय घरबसल्या उघडून तिथली पुस्तकं पाहता येतात. सीविन ही संस्था १९८७ पासून बालहक्कांवर काम करते. या संस्था सुट्टीतल्या पाहुण्यांना घेतातच असं नाही. पण चांगलं काम कसं दिसतं याचा डोळा तयार होतो, तो पुढे उपयोगी पडतो.

आता प्रश्न. ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरं लेखी मिळतात.

संस्थेची नोंदणी कोणत्या जिल्हा प्रशासन कार्यालयात आहे, यंदा नूतनीकरण झालंय का, समाज कल्याण परिषदेशी (स्वयंसेवी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाशी) ती संलग्न आहे का? मी येणार नसेन तर हे काम कोण करतं? या प्रश्नाला 'कुणीच नाही' किंवा 'दुसरा स्वयंसेवक' असं उत्तर आलं तर सावध व्हा. पहिल्याचा अर्थ काम गरजेचं नाही, दुसऱ्याचा अर्थ पगारी शिक्षक नेमणं टाळलंय. मागच्या वर्षी आलेल्या माणसाने काय केलं आणि त्यातलं आज काय चालू आहे? माझी पोलीस पडताळणी, ओळखीच्या माणसांची पत्रं, मुलाखत यांतलं तुम्ही काय काय मागता? मुलांच्या संरक्षणाचं लेखी धोरण पाठवाल का? मूल आणि मोठा माणूस एकटे एका खोलीत असू नयेत यासाठी काय नियम आहे?

शेवटच्या तीन प्रश्नांवर तुम्हालाच उलट प्रश्न यायला हवेत. जी संस्था तुमच्याबद्दल काहीच विचारत नाही ती उद्या येणाऱ्या कुणालाही काही विचारणार नाही, आणि तो कुणीही कसा असेल ते सांगता येत नाही.

नापास करण्याची कारणं थोडक्यात : मुलांचे चेहरे, नावं आणि दुःखद कहाण्या संकेतस्थळावर मांडलेल्या, 'कोणतंही कौशल्य नको, मोठं मन हवं' अशी जाहिरात, पाहुण्यांसमोर मुलांचा नाच, देणगी रोखीत किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यात, काठमांडूतल्या ठमेलला किंवा पोखऱ्याच्या लेकसाइडला, म्हणजे पर्यटकांच्या वस्तीत, हॉटेलमधूनच 'चला, मुलं दाखवतो' असं आमंत्रण. कंबोडियातही हेच चित्र होतं. तिथे फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे' अशी मोहीमच चालवली.

पाचवी पायरी : पैशांचा हिशेब मागा

शुल्क घेणं गैर नाही. तुमचं राहणं, जेवण, नेआण करणाऱ्या माणसाचा पगार हा खर्च कुणीतरी करतंच. पण रकमेची फोड मिळालीच पाहिजे : राहण्या-जेवणाला किती, शाळेला किती, एजन्सीला किती. फोड द्यायला कुरकूर झाली की विषय संपला. घरगुती मुक्काम असेल तर पैसे त्या घरातल्या बाईच्या हातात जातात का, हेही विचारा.

एक हिशेब स्वतःशीही करा. विमानाचं तिकीट, विमा, शुल्क, खरेदी यांची बेरीज करून बघा आणि तेवढ्या रकमेत त्या शाळेला एखाद्या स्थानिक शिक्षिकेचा किती महिन्यांचा पगार देता येईल ते विचारा. काही वेळा न जाणं हीच मोठी मदत ठरते. घरूनच करायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन व्हॉलंटियर्सचं ऑनलाइन स्वयंसेवेचं दालन आहे. वय अठरा पूर्ण हवं, शुल्क नाही.

नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून बांधलेला आहे : आपला १ रुपया म्हणजे त्यांचा १.६०. भारतीय शंभरपर्यंतच्या नोटा सहसा चालतात; मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम पाहा. गावाकडे एटीएम आणि क्यूआर दोन्हींवर विसंबून राहू नका.

सहावी पायरी : कागद

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, यांपैकी एक मूळ प्रत. आधार कार्ड घेऊन विमानतळावर गेलेल्या प्रौढ माणसाला परत फिरावं लागतं. ते फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना, वयाचा पुरावा म्हणून चालतं. रेल्वेने जायचं तर मुंबईहून गोरखपूर, तिथून रस्त्याने सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवाहून पोखरा-काठमांडूच्या बस. वेळ असेल तर हा रस्ता स्वस्त पडतो, मात्र डोंगरातला बसप्रवास रात्री करू नका.

परदेशी पासपोर्टवर जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही ओळ महत्त्वाची : नेपाळात पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी स्वयंसेवासुद्धा त्यात येते. 'सगळे पर्यटक म्हणूनच येतात' असं सांगणारी संस्था तुम्हाला कायदा मोडायला सांगते आहे. भारतीयांना व्हिसा लागत नसला तरी शाळेचं निमंत्रणपत्र आणि पालिकेची संमती जवळ बाळगा.

महाराष्ट्र पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं. पोलीस ठाण्याची फेरी धरून वेळ लागतो, म्हणून दोन महिने आधी सुरुवात करा. संस्थेने मागितलं नाही तरी द्या.

प्रवास विमा घेताना हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. टायफॉइड, कावीळ-ए, धनुर्वात या लसींबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि तिकीट बदलता येईल असं घ्या. सप्टेंबर २०२५ मधल्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळच बंद पडला होता.

सातवी पायरी : निघण्याआधीचा महिना

हेडसरांशी व्हिडिओ कॉल करून पुस्तकांचे फोटो मागवा. लिपी तीच असल्याने मराठी माणसाला नेपाळी पाठ्यपुस्तक पहिल्या दिवसापासून वाचता येतं. अर्थ लागायला थोडा वेळ जातो एवढंच. मोठ्यांना 'तपाईं', मुलांना 'तिमी'. शिक्षकांना सर आणि मिस, गावातल्यांना दाजु आणि दिदी. शंभरेक शब्द वहीत उतरवून घ्या. हिंदीवर निभावेल, पण भारतीय माणूस हिंदीच गृहीत धरतो याची तिथे एक जुनी अढी आहे. दोन वाक्यं नेपाळीत बोललात की ती सैल होते.

बॅगेत खेळणी आणि चॉकलेटं भरू नका. लागणाऱ्या वह्या, खडू, रंग तिथल्याच बाजारातून घ्या, म्हणजे दुकानदारालाही चार पैसे मिळतात. न्यायचंच असेल तर तुमच्या कामाचं साहित्य न्या.

तिथे पोचल्यावर

पहिले तीन-चार दिवस नुसतं मागच्या बाकावर बसा. शाळा साधारण दहाला भरते आणि चारला सुटते. घरी डाळभात सकाळीच होतो, मधल्या सुट्टीत खाजा, म्हणजे हलकं खाणं. शिक्षक कसं शिकवतात, मुलं कुठे अडतात, कोण गैरहजर राहतं ते पाहा. मग शिक्षकाला विचारा, 'यातलं काय मी हलकं करू?' तुमच्या डोक्यातली योजना आणि त्याचं उत्तर जुळणार नाही, हे धरून चला. वर्गात शिक्षकाची चूक दिसली तर मुलांसमोर दुरुस्त करू नका. तुम्ही निघून जाल, त्याला मात्र त्याच गावात मानाने राहायचंय.

फोटोंचा नियम कडक ठेवा. मुलांचे चेहरे इन्स्टाग्रामवर नाहीत, गावाचं नाव आणि मुलाचं नाव एकत्र कुठेच नाही. फळा, इमारत, तुम्ही लावलेलं कपाट यांचे फोटो हवे तेवढे काढा. मुलाला एकट्याला फिरायला नेऊ नका, खोलीवर बोलावू नका, फोन नंबर देऊ नका. एकाच मुलाची फी भरण्याचं वचन तर अजिबात नको. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने काय समजायचं? द्यायचं असेल ते शाळेच्या खात्यात, पावती घेऊन.

उष्ट्याचे संकेत आपल्यासारखेच, तिथे त्याला जुठो म्हणतात. पाणी उकळलेलं प्या. पोट बिघडलं तर कोणत्याही औषधाच्या दुकानात 'जीवनजल', म्हणजे आपलं ओआरएस, मागा.

काही खटकलं तर

मूल मारहाणीचं, कामाला जुंपल्याचं किंवा त्याहून वाईट काही सांगू लागलं तर ऐकून घ्या. उलटसुलट प्रश्न विचारू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. त्याच दिवशी त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. नेपाळात बालसाहाय्य क्रमांक आपल्यासारखाच १०९८ आहे, हरवलेल्या मुलांसाठी १०४. वरची यंत्रणा म्हणजे राष्ट्रिय बाल अधिकार परिषद. संशय संस्थेवरच असेल तर संस्थेच्या प्रमुखाशी वाद घालत बसू नका आणि मूल 'सोडवून' न्यायचा विचारही करू नका. परक्या देशात परक्याच्या मुलाला घेऊन निघालेला माणूस कायद्याच्या नजरेत तस्कर असतो. थेट हेल्पलाइन.

निघताना

निदान तीन दिवस हाती ठेवून काम सोपवा. वाचनालय लावलंत तर नोंदवही कोण भरणार त्याचं नाव ठरवा आणि ते दिवस तुमच्यासमोर त्यालाच देवघेव करू द्या. संगणक दुरुस्त केलेत तर पासवर्ड, सुटे भाग कुठे मिळतात तो पत्ता आणि नेहमीच्या बिघाडांवरचे उपाय एका कागदावर नेपाळीत लिहून भिंतीला चिकटवा. निरोपाचा कार्यक्रम, हार आणि भाषणं टाळता येणार नाहीत, पण 'पुढच्या वर्षी नक्की येतो' हे वाक्य तिकीट काढल्याशिवाय उच्चारू नका.

घरी आल्यावर महिन्याने हेडसरांना फोन करा आणि नोंदवहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे एवढं विचारा. ती चालू आठवड्यातली असेल तर पुढच्या मे महिन्यात जाणाऱ्या तुमच्या मित्राला त्याच शाळेचा पत्ता द्या. नसेल तर आधी का थांबलं ते शिक्षकाकडून समजून घ्या आणि नवीन माणूस पाठवायची घाई करू नका.